एकच मॅक्रो, दोन संगणक, दोन उत्तरे: दशांश चिन्हाचा घोळ कसा निस्तरायचा

तुमच्या संगणकावर महिनोन्‌महिने बिनचूक चाललेला मॅक्रो दुसऱ्या कुणाच्या संगणकावर जातो आणि तिथे १२.५ चे १२५ होतात. चूक झाल्याची सूचना देणारी खिडकी उघडत नाही, मॅक्रो मध्येच थांबत नाही. बेरीज नेहमीच्या सेलमध्ये, नेहमीच्या ठळक अक्षरांत येऊन बसते. ती चुकीची आहे हे कळायला कधी कधी आठवडे जातात, आणि तोवर ती आणखी चार फायलींत उतरलेली असते.

मॅक्रो लिहायला नुकतीच सुरुवात केलेल्यांसाठी हा लेख आहे. मॅक्रो रेकॉर्ड करता येतो, व्हीबीएच्या (एक्सेलमध्ये मॅक्रो लिहायच्या भाषेच्या) एडिटरमध्ये दहा-वीस ओळी लिहिता येतात, इतकी ओळख पुरे. भर एक्सेलवर आहे. लिब्रेऑफिस आणि गूगल शीट्सबद्दल शेवटाकडे थोडे आहे.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल आधी एक खुलासा. आज्ञांची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. जी नावे अक्षरे सुटी म्हणून वाचायची, ती तशीच लिहिली आहेत, उदाहरणार्थ सीडीबीएल. एडिटरमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टाकायची. आकड्यांचेही तसेच: मॅक्रोत देवनागरी अंक चालत नाहीत.

मुळात भानगड काय आहे

बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट पूर्णांक एकोणनव्वद शतांश ही संख्या अमेरिकेत १,२३४,५६७.८९ अशी लिहितात. जर्मनीत तीच १.२३४.५६७,८९ होते. फ्रान्समध्ये १ २३४ ५६७,८९, स्वित्झर्लंडमध्ये १'२३४'५६७.८९ आणि भारतात १२,३४,५६७.८९. संख्या एक, वेष पाच.

यात बरोबर-चूक काही नाही. वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २००३ साली ठरावच केला की दशांश चिन्ह म्हणून टिंब किंवा स्वल्पविराम दोन्ही चालतील, आणि तीन-तीन अंकांचे गट पाडायचे असतील तर मध्ये फक्त जागा सोडावी. टिंब नको, स्वल्पविरामही नको. ठरावाचा दुसरा भाग संगणकांच्या जगात फारसा उतरलेला नाही. त्यामुळे टिंब आणि स्वल्पविराम दोघेही दुहेरी कामे करत राहतात: एकीकडे दशांश दाखवतात, दुसरीकडे हजार-लाखांचे गट पाडतात. गट पाडणाऱ्या चिन्हाला पुढे मी गटचिन्ह म्हणेन.

आता “१.२३४” हा मजकूर पाहा. तो सव्वाच्या आसपासचा आकडा आहे की एक हजार दोनशे चौतीस? अंकांकडे कितीही वेळ बघितले तरी उत्तर मिळत नाही, कारण उत्तर अंकांत नाहीच. फाइल कुठून आली यात ते आहे. या लेखातली प्रत्येक पायरी या एका गोष्टीवर उभी आहे: मजकुराची संख्या करताना चिन्हे कोणती हे मॅक्रोला तुम्ही सांगायचे. त्याला अंदाज करू द्यायचा नाही, आणि तो ज्या संगणकावर चालतो आहे त्याच्यावरही सोडायचे नाही.

एक दिलासा आहे. सेलमध्ये किंवा डबल (अपूर्णांकासह संख्या साठवणाऱ्या) प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये जी संख्या साठवलेली असते, तिच्यात टिंब नसते आणि स्वल्पविरामही नसतो. चिन्हे फक्त दाखवताना येतात. म्हणजे घोळ तीनच जागी होऊ शकतो: मजकुरातून संख्या बनताना, संख्येतून मजकूर बनताना, आणि फॉर्म्युला, फिल्टरची अट किंवा फॉरमॅट यांसारखा मजकूर मॅक्रो एक्सेलच्या हाती देतो तेव्हा. मॅक्रो तपासायला बसलात की या तीन जागा शोधायच्या. बाकीच्या ओळी सोडून दिल्या तरी चालतात.

पहिली पायरी: कुणाचे ऐकले जाते ते ओळखा

एका संगणकावर एकाच वेळी तीन वेगवेगळे नियम चालू असतात.

पहिला विंडोजचा: कंट्रोल पॅनेलमधल्या रीजन या विभागात ठरलेली दशांश चिन्हे, गटचिन्हे, तारखांचा क्रम आणि याद्यांमधले विभाजक चिन्ह. सीडीबीएल (मजकुराची संख्या करणारे), सीएसटीआर (संख्येचा मजकूर करणारे), फॉरमॅट (संख्येला हव्या रूपातला मजकूर करणारे), इजन्यूमेरिक (मजकूर संख्या आहे का ते सांगणारे) ही व्हीबीएची फंक्शन्स या नियमाने चालतात.

दुसरा एक्सेलचा स्वतःचा. ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड या पानावर ‘यूज सिस्टिम सेपरेटर्स’ अशी एक चौकट असते. तिच्यात खूण असेल तर एक्सेल विंडोजचेच ऐकते. कुणी ती खूण काढून दुसरी चिन्हे भरली असतील, तर सेलमध्ये एक चिन्ह दिसते आणि सीडीबीएल दुसरेच चिन्ह धरून चालते. ही अवस्था दुर्मीळ आहे, पण ओढवली की माणूस चक्रावून जातो.

तिसरा नियम व्हीबीएच्या कोडचा. कोडमध्ये थेट लिहिलेल्या संख्येत दशांश चिन्ह नेहमी टिंबच असते, संगणक कुठल्याही देशाचा असो. ओळीत १२.५ लिहिले की ते साडेबाराच.

एक्सेल सध्या कोणते चिन्ह वापरते आहे हे ॲप्लिकेशन.इंटरनॅशनल सांगते: कंसात ३ दिले की दशांश चिन्ह, ४ दिले की गटचिन्ह, ५ दिले की याद्यांचे विभाजक. व्हीबीएची फंक्शन्स काय धरून चालली आहेत हे पाहायचे असेल तर सीएसटीआर(१.५) चे दुसरे अक्षर मिड फंक्शनने काढा. दोन्ही उत्तरे एडिटरमधल्या इमिजिएट विंडोमध्ये छापून बघा. दुसऱ्या कुणाच्या संगणकावरची तक्रार सोडवताना मी सगळ्यात आधी हेच मागवतो. निम्मा तपास तिथेच होतो.

इथे एका मोहापासून सावध करतो. ॲप्लिकेशन.यूजसिस्टिमसेपरेटर्स बंद करायचे, आपल्याला हवी ती चिन्हे भरायची आणि शेवटी सगळे पूर्ववत करायचे, असा उपाय बऱ्याच जणांना सुचतो. तो करू नका. मॅक्रो मध्येच कोसळला तर त्या माणसाचे सगळे एक्सेल बदललेल्या चिन्हांवर अडकून राहते, तुमच्या फायलीशी संबंध नसलेल्या वर्कबुकांसकट. शिवाय सीडीबीएलवर याचा काही परिणाम होत नाही, कारण ते विंडोजचे ऐकते.

दुसरी पायरी: मजकुराची संख्या करणे

इथे थोडे थांबू, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होते.

व्हॅल हे फंक्शन सगळ्या संगणकांवर सारखेच वागते. त्याला दशांश चिन्ह म्हणून फक्त टिंब कळते आणि न कळणारे पहिले अक्षर आले की ते तिथेच थांबते. म्हणून “१२,५” दिले तर १२ मिळतात, “१,२३४” दिले तर नुसता १. तक्रार न करता. मधल्या मोकळ्या जागा ते गिळते, त्यामुळे “१२ ५” चे १२५ होतात. काही हिशेबाच्या प्रणाली ऋण चिन्ह शेवटी लावतात. “१२५-” असा मजकूर व्हॅलला दिला की १२५ परत येतात, ऋण चिन्ह गळून पडते. कंसात लिहिलेली ऋण रक्कम “(१२५)” दिली तर शून्य.

सीडीबीएल जास्त जाणते. शेवटचे ऋण चिन्ह त्याला कळते, कंसही कळतात. पण ते संगणकाच्या सेटिंगवर चालते आणि गटचिन्हांच्या बाबतीत फार सैल आहे. अमेरिकी सेटिंगमध्ये “१२,५” दिले की ते स्वल्पविरामाला गटचिन्ह समजून १२५ देते. जर्मन सेटिंगमध्ये “१२.५” दिले की टिंबाला गटचिन्ह समजून तेच १२५. गटात तीन अंक आहेत का, हे ते बघतच नाही.

मग आधी इजन्यूमेरिकने तपासून घेतले तर? तेही तितकेच सैल आहे. “१,२,३” हा मजकूर अमेरिकी सेटिंगमध्ये त्यातून बिनबोभाट पार होतो आणि सीडीबीएल त्याचे १२३ करून देते. “१ई३” सुद्धा (१ गुणिले दहाचा तिसरा घात असे समजून) पार होतो आणि हजार होतो. वस्तूंच्या कोडचा कॉलम चुकून संख्या म्हणून वाचला गेला की हे हमखास घडते. ‘संख्या आहे का’ एवढाच प्रश्न विचारून भागत नाही, ‘मला हवी तशी लिहिलेली संख्या आहे का’ हे विचारावे लागते.

एक्सेल २०१३ पासून नंबरव्हॅल्यू नावाचे फंक्शन मिळते. मॅक्रोतून ते वर्कशीटफंक्शन.नंबरव्हॅल्यू असे बोलवता येते. त्याला तीन गोष्टी द्यायच्या: मजकूर, दशांश चिन्ह, गटचिन्ह. जर्मनीहून आलेल्या फायलीसाठी स्वल्पविराम आणि टिंब, अमेरिकी फायलीसाठी टिंब आणि स्वल्पविराम. संगणकाची सेटिंग काहीही असो, उत्तर तेच येते. न कळणारा मजकूर आला तर मॅक्रो चूक दाखवून थांबतो, आणि आपल्याला तेच हवे असते. रिकाम्या मजकुराचे मात्र ते शून्य करते. रिकामा सेल आणि शून्य यांत तुमच्या कामात फरक असेल तर आधी वेगळे तपासा.

नंबरव्हॅल्यूसुद्धा गटांतले अंक मोजत नाही. चिन्हे चुकीची सांगितलीत तर “१२.५” चे तिथेही १२५ होतील. म्हणून मी एक छोटी तपासणी जोडतो: मजकुरात गटचिन्ह असेल, तर शेवटच्या गटचिन्हापासून दशांश चिन्हापर्यंत, आणि दशांश चिन्ह नसेल तर शेवटपर्यंत, बरोबर तीनच अंक हवेत. हजार-दशलक्षाच्या पद्धतीत ही अट लागू पडते आणि लाख-कोटींच्या पद्धतीतही, कारण शेवटचा गट दोन्हींत तीनाचाच. “१२.५” या अटीत अडकतो. “१.२३४” अडकत नाही, त्याला पकडणारी कुठलीच तपासणी नाही. तिथे फायलीचा उगम माहीत असण्याला पर्याय नाही.

एक्सेलची जुनी आवृत्ती असेल तर हेच काम हाताने करता येते. रिप्लेस फंक्शनने आधी गटचिन्ह काढून टाका, मग दशांश चिन्हाच्या जागी टिंब घाला, आणि मग व्हॅल वापरा. क्रम उलटा करू नका. “१.२३४,५” मध्ये आधी स्वल्पविरामाचे टिंब केलेत तर दोन टिंबे होतात, आणि पुढच्या पावलाला दोन्ही पुसली जातात. व्हॅलला देण्याआधी मजकुरात फक्त अंक, जास्तीत जास्त एक टिंब आणि असल्यास सुरुवातीला एक ऋण चिन्ह उरले आहे ना, हे अक्षर-अक्षर तपासा. काही वेगळे सापडले तर त्या ओळीचा क्रमांक दाखवून थांबा.

साफसफाईत डोळ्यांना न दिसणाऱ्या अक्षरांचा समाचार घ्यावा लागतो. फ्रेंच पद्धतीच्या आकड्यांत गटांमध्ये दिसणारी जागा ही बहुधा स्पेसबारची साधी जागा नसते. ओळ तुटू न देणारी जागा म्हणून दोन वेगळी अक्षरे वापरली जातात. त्यांचे क्रमांक १६० आणि ८२३९. ट्रिम फंक्शन त्यांना हात लावत नाही. स्वित्झर्लंडचे गटचिन्ह कधी साधे अपॉस्ट्रॉफी असते, क्रमांक ३९, तर कधी वळणदार, क्रमांक ८२१७. ऋण चिन्हाचीही दोन रूपे सापडतात: कीबोर्डवरची आडवी रेघ आणि गणिती वजाचिन्ह, क्रमांक ८७२२, स्वीडन-नॉर्वेकडच्या आकड्यांत हे दुसरे दिसते. सीएचआरडब्ल्यू या फंक्शनला हे क्रमांक देऊन ती अक्षरे तयार करता येतात आणि रिप्लेसने उडवता किंवा बदलता येतात.

हे सगळे एकाच फंक्शनमध्ये लिहा, त्याला मजकूर आणि दोन चिन्हे द्या, आणि संपूर्ण वर्कबुकमध्ये मजकुराची संख्या करायला दुसरी वाट ठेवू नका. चिन्हे कुठून आणायची? सेटिंग्ज नावाची एक शीट करा आणि ज्या-ज्या ठिकाणाहून फायली येतात त्यांची नावे, दशांश चिन्ह आणि गटचिन्ह असे तीन कॉलम भरा. उद्या नवीन ठिकाणाहून फाइल आली तर कोडला हात न लावता एक रो वाढवायची.

माणूस स्वतः टाइप करतो तेव्हा मात्र नियम उलटा आहे. यूजरफॉर्मच्या, म्हणजे माहिती भरायला मॅक्रो दाखवतो त्या खिडकीच्या, चौकटीत कुणी आकडा लिहिला तर तो त्याच्या सवयीने, त्याच्या संगणकाच्या सेटिंगप्रमाणे लिहिणार. तिथे सीडीबीएलच योग्य. मात्र त्याच्या सैलपणावर उपाय म्हणून, चौकटीतून बाहेर पडताच वाचलेली संख्या फॉरमॅट करून शेजारी दाखवा. १२५,०० असे दिसले की साडेबारा लिहू पाहणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येते. एकच आकडा विचारायचा असेल तर ॲप्लिकेशन.इनपुटबॉक्स वापरून टाइप १ द्या. एक्सेल स्वतःच संख्या वाचून परत देते. नुसते इनपुटबॉक्स मजकूर देते.

तिसरी पायरी: गरज नसताना मजकूर करू नका

सेलमधली संख्या घेताना टेक्स्ट हा गुणधर्म वापरू नका. तो सेलमध्ये दिसते ते देतो: स्थानिक चिन्हांसकट, गोलाई केलेले, आणि कॉलम अरुंद असेल तर चक्क “####”. व्हॅल्यू२ वापरा.

व्हॅल्यू का नको? सेलला चलनाचा फॉरमॅट असेल तर व्हॅल्यू करन्सी प्रकारात उत्तर देते आणि त्या प्रकारात दशांशानंतर चारच अंक मावतात. विनिमय दरासारखी सहा अंकी अपूर्णांकाची संख्या अशा सेलमध्ये असली तर शेवटचे अंक गळतात. व्हॅल्यू२ नेहमी डबल देते.

सेलमध्ये संख्या लिहितानाही संख्याच लिहा. फॉरमॅट फंक्शनने आधी मजकूर बनवून मग तो सेलमध्ये टाकणे ही नवशिक्यांची सर्रास सवय आहे. स्वल्पविराम वापरणाऱ्या संगणकावर सव्वा या संख्येचा तीन दशांश स्थळांचा मजकूर “१,२५०” होतो. मॅक्रोकडून आलेला मजकूर एक्सेल अमेरिकी पद्धतीने वाचू पाहते आणि सेलमध्ये एक हजार दोनशे पन्नास बसू शकतात. संख्या जशीच्या तशी सेलला द्या आणि दिसण्याचे काम नंबरफॉरमॅटवर सोपवा.

नंबरफॉरमॅटमध्ये नमुना नेहमी अमेरिकी पद्धतीने लिहायचा, “#,##०.००” असा, प्रत्येक संगणकावर तो आपापल्या चिन्हांत दिसतो. स्थानिक पद्धतीने लिहिलेला नमुना द्यायचा असेल तर नंबरफॉरमॅटलोकल आहे, पण वाटल्या जाणाऱ्या मॅक्रोत त्याचे काम पडत नाही. लाख-कोटींचे गट पाडायला बरेच जण नमुन्यात स्वल्पविरामाआधी उलटी तिरकी रेघ घालून ते पक्के करतात. असा स्वल्पविराम कुठेही स्वल्पविरामच राहतो, पण दशांश चिन्ह मात्र संगणकाप्रमाणे बदलते. जर्मन सेटिंगमध्ये मग गटचिन्हही स्वल्पविराम आणि दशांश चिन्हही स्वल्पविराम, असा वाचता न येणारा आकडा तयार होतो. फाइल सीमेपलीकडे जाणार असेल तर ही युक्ती टाळा.

चौथी पायरी: फॉर्म्युले आणि अटी

रेंजच्या फॉर्म्युला या गुणधर्माला फंक्शनची इंग्रजी नावे, विभाजक म्हणून स्वल्पविराम आणि दशांशासाठी टिंब लागते, कुठल्याही संगणकावर. फॉर्म्युलालोकल हे स्थानिक रूप. मॅक्रोत पहिलेच वापरा. मजकुरातला फॉर्म्युला सोडवणाऱ्या इव्हॅल्युएटचाही हाच नियम.

घात होतो तो मजकूर जोडणाऱ्या चिन्हाने, म्हणजे ॲम्परसँडने (&). “=सम(ए१,” या मजकुराला २.५ ही संख्या जोडली आणि पुढे कंस बंद केला. ॲम्परसँड संख्येचा मजकूर करताना विंडोजची सेटिंग वापरतो. जर्मन संगणकावर तयार झालेला फॉर्म्युला असतो “=सम(ए१,२,५)”. एक्सेलच्या दृष्टीने तो निर्दोष आहे: ए१ अधिक दोन अधिक पाच. अडीचच्या जागी सात मिळवले गेले आणि कुणालाच कळले नाही. हाच प्रकार गुणाकाराच्या फॉर्म्युल्यात झाला असता तर निदान १००४ क्रमांकाची चूक येऊन मॅक्रो थांबला असता. थांबणारा मॅक्रो बरा.

उपाय दोन. संख्या जोडण्याआधी ती एसटीआर फंक्शनमधून काढा. एसटीआर नेहमी टिंब वापरते. धन संख्येपुढे ते एक जागा सोडते, ती ट्रिमने काढून टाका. दुसरा उपाय मला जास्त आवडतो: संख्या फॉर्म्युल्यात कोंबायचीच नाही. दर एका सेलमध्ये ठेवा, सेलला नाव द्या आणि फॉर्म्युल्यात ते नाव वापरा. मजकूर बनण्याचा प्रसंगच येत नाही, आणि शीट वाचणाऱ्यालाही दर कुठून आला ते दिसते.

ऑटोफिल्टरची अट, डेटाबेसला पाठवायची एसक्यूएलची ओळ, इथेही संख्या एसटीआरमधूनच जोडा. कंडिशनल फॉरमॅटिंग अपवाद आहे: मॅक्रोतून फॉरमॅटकंडिशन्स.ॲड करताना फॉर्म्युला स्थानिक रूपात द्यावा लागतो. दोन्हीकडे चालणारा मार्ग असा: एका रिकाम्या सेलला फॉर्म्युला गुणधर्मातून इंग्रजी रूप द्या, त्याच सेलचे फॉर्म्युलालोकल वाचा, मिळालेला मजकूर फॉरमॅटकंडिशन्सला द्या आणि सेल पुसून टाका. जरा वळसा आहे, पण खात्रीचा.

पाचवी पायरी: सीएसव्ही (ठरलेल्या चिन्हाने कॉलम तोडलेल्या साध्या मजकुराच्या) फायली

‘हाताने उघडली तर नीट दिसते, मॅक्रोने उघडली तर सगळे एका कॉलममध्ये येते’ ही तक्रार ऐकली की कारण बहुतेक एकच असते. वर्कबुक्स.ओपन या आज्ञेला लोकल नावाचा एक पर्याय आहे आणि तो दिला नाही तर फॉल्स धरला जातो. मग एक्सेल फाइल अमेरिकी पद्धतीने वाचते: कॉलम स्वल्पविरामाने तोडायचे, दशांश टिंबाने. हाताने उघडताना मात्र संगणकाची सेटिंग लागू होते. ज्या देशांत दशांशाला स्वल्पविराम वापरतात तिथे कॉलम बहुधा अर्धविरामाने तोडलेले असतात. लोकल ट्रू केले की मॅक्रोही संगणकाच्या सेटिंगप्रमाणे वाचतो. सेव्हॲजलाही हाच पर्याय आहे.

पण ट्रू असो की फॉल्स, दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत, कारण फाइल तिसऱ्याच ठिकाणाहून आलेली असू शकते. वर्कबुक्स.ओपनटेक्स्टला दशांश चिन्ह आणि गटचिन्ह स्पष्ट सांगता येते. फक्त फायलीचे नाव डॉट सीएसव्हीने संपत असेल तर ही आज्ञा तुम्ही दिलेल्या बऱ्याच सूचना बाजूला ठेवते. नाव बदलून डॉट टीएक्सटी करा आणि मग उघडा.

मी स्वतः एक पाऊल पुढे जातो. फील्डइन्फो या पर्यायात प्रत्येक कॉलमला २ हा क्रमांक देऊन सगळे मजकूर म्हणूनच आत घेतो आणि दुसऱ्या पायरीतल्या फंक्शनने हवे ते कॉलम संख्येत बदलतो. वेळ थोडा जास्त लागतो. बदल्यात मूळ मजकूर हाताशी राहतो, सुरुवातीची शून्ये जात नाहीत आणि कुठल्या ओळीत गडबड आहे ते नेमके सांगता येते. पॉवर क्वेरी (एक्सेलमध्ये बाहेरची माहिती आत आणायची सोय) वापरणाऱ्यांना प्रकार बदलताना ‘यूझिंग लोकेल’ निवडून देश सांगता येतो; तोही चांगला मार्ग आहे.

मॅक्रोने फाइल लिहायची असेल तर व्हीबीएत प्रिंट आणि राइट अशा दोन आज्ञा आहेत. प्रिंट स्थानिक दशांश चिन्ह वापरते. राइट कुठेही टिंबच वापरते. दुसऱ्या प्रणालीला वाचायला द्यायची फाइल राइटने लिहा.

तारखा

त्यांचा वेगळा लेख होईल, पण इतके आत्ताच लक्षात ठेवा. मॅक्रोने “३/४/२०२४” हा मजकूर सेलमध्ये टाकला तर एक्सेल तो महिना-दिवस या अमेरिकी क्रमाने वाचते, म्हणजे ४ मार्च. सीडेट फंक्शन संगणकाच्या क्रमाने वाचते, आणि तेरावा महिना आला तर कुरकुर न करता दिवस-महिना उलटे करून घेते; एकाच कॉलममध्ये काही तारखा बरोबर आणि काही उलट्या, असे दृश्य त्यातून येते. मजकुराचे तीन तुकडे स्वतः करा आणि डेटसिरियलला वर्ष, महिना, दिवस या क्रमाने द्या. बाहेर पाठवायच्या तारखा वर्ष-महिना-दिवस अशाच लिहा.

लिब्रेऑफिस आणि गूगल शीट्स

लिब्रेऑफिसच्या बेसिक या मॅक्रोभाषेतही व्हॅल फक्त टिंब ओळखते. सेलचे व्हॅल्यू म्हणजे संख्या, स्ट्रिंग म्हणजे दिसणारा मजकूर. फॉर्म्युलाला फंक्शनची इंग्रजी नावे लागतात, पण विभाजक अर्धविराम असतो. एक्सेलवरून मॅक्रो आणताना इथे ठेच लागते. गूगल शीट्समध्ये देशाची सेटिंग संगणकाची नसून त्या फायलीची असते, फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये. स्क्रिप्टमध्ये गेटव्हॅल्यू वापरा, गेटडिस्प्लेव्हॅल्यू नको. तिथले मजकुराची संख्या करणारे पार्सफ्लोट व्हॅलसारखेच स्वल्पविरामापाशी थांबते, “१२,५” चे १२ देऊन.

शेवटची पायरी: आपल्याच संगणकावर परदेश उभा करा

मॅक्रो कुणाला देण्याआधी एक्सेल बंद करा, कंट्रोल पॅनेलमध्ये रीजनच्या खाली जर्मन फॉरमॅट निवडा, एक्सेल पुन्हा उघडा आणि मॅक्रो चालवा. मग स्विस फॉरमॅट, मग आपला नेहमीचा. दहा-पंधरा मिनिटांचे काम आहे.

चाचणीसाठी १०० किंवा २५० असे पूर्णांक घेऊ नका. त्यांच्यात चिन्हच नसते, म्हणून ते सगळीकडे पास होतात. मी चार संख्या वापरतो: १२३४.५, ०.१२५, −७.२५ आणि १.२३४. पहिलीत गटचिन्हाला वाव आहे, दुसरीत आणि चौथीत दशांशानंतर तीन अंक असल्याने ते गटासारखे दिसतात, तिसरी ऋण आहे. या चार संख्यांची एक फाइल अमेरिकी पद्धतीने लिहा, एक जर्मन आणि एक फ्रेंच पद्धतीने, क्रमांक १६० ची जागा घालून. तीन फायली, तीन सेटिंग्ज, नऊ वेळा मॅक्रो. नऊही वेळा बेरीज १२२८.६०९ आली पाहिजे. एखाद्या वेळी वेगळी आली तर कुठली फाइल आणि कुठली सेटिंग ते टिपून ठेवा आणि सुरुवातीला सांगितलेल्या तीन जागांपैकी कुठली सुटली ते शोधायला लागा.